चौथी टिकली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईलाही नाही — ती गेली तेव्हा तिच्या उशाशी दोन दिवस बसून होते, नको नको ते सगळं बोलले, पण हे नाही.

मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पेठच्या पुढे डोंगरात आमचा पाडा, तिथे शाळा तेवढीच होती. पुढे शिकायचं तर आश्रमशाळेत राहावं लागलं असतं, आणि मी तर घरी पाहुणा आला तरी कणगीमागे लपणारी. म्हणून राहिलं. लिहायची सवय नाही. पण बोलायची तर त्याहून नाही. तेव्हा तुम्ही कोणी ओळखीचं माणूस समोर बसला आहात, तुम्हाला घाई नाही, असं धरते. नाहीतर माझ्याने व्हायचं नाही.

लग्न होऊन नाशकात आले आणि पहिल्याच महिन्यात माझं नाव पडलं — मुकी. थोरल्या जाऊबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या धाकटीला देवानं जीभ दिलीय, पण चवीपुरती." सगळे हसायचे. मीही हसायचे, पदर तोंडाला लावून. ते नाव मला टोचत नव्हतं. खरं सांगू? सोयीचं होतं. जी बोलत नाही तिला कोणी काही विचारत नाही. जी बोलत नाही ती खोटं तरी कशाला बोलेल, असं लोक धरून चालतात. ते पुढे माझ्या कामाला आलं. कसं, ते सांगायलाच बसले आहे — पण हात अडतो.

आधी काकांबद्दल सांगते.

माझे थोरले दीर, मी त्यांना दादा म्हणते, त्यांचं अंबड लिंक रोडला गॅरेज आहे. ठोकपीट, रंग, सीटची कव्हरं. मला शिवण येतं म्हणून मुलगी शाळेत जायला लागल्यावर दादांनी मला मागच्या शेडमध्ये मशीन मांडून दिलं. सीटची कव्हरं शिवायची, गाडीच्या छताचं अस्तर काढायचं, नवं ताणून बसवायचं. भिंतीकडे तोंड करून काम, त्यामुळे मला बरं वाटायचं. नवरा ओझरकडे कारखान्यात ठेकेदाराकडे होता, तो सकाळी मला सोडायचा आणि पुढे जायचा.

पत्र्याचं काम बाबूकाका करायचे. सत्तरीला आलेले. उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेला, त्यामुळे कानाला कमी ऐकू यायचं — पण कमी, हं. बहिरे नव्हते. मोठ्या गोंगाटात घोटाळा व्हायचा, शांततेत सगळं यायचं. हातोडी पत्र्यावर मारून नुसत्या आवाजावरून सांगायचे की आत गंज आहे का नाही. "पत्रा खोटं बोलत नाय," म्हणायचे.

मला ते पोरी म्हणायचे. सगळ्या गॅरेजमध्ये मुकी न म्हणणारा तो एकच माणूस. कोणी म्हटलं की हातोडी खाली न ठेवता म्हणायचे, "मुकी नाय रे ती, मोजून बोलती. तुमचं तोंड म्हणजे पंक्चर झालेली ट्यूब." एवढंच. पण माझ्या बाजूने असं आधी कोण बोललं होतं?

त्यांनी मला बाकीचं कामही शिकवलं. माझे हात बारीक, जिथे त्यांची बोटं जात नाहीत तिथे माझी जायची. अस्तर आणि छताचा पत्रा यांच्यामधली जागा म्हणजे माझीच जागा.

आता ती गाडी.

उन्हाळ्याचे दिवस होते, वैशाख. घोटीकडचे वाळूभाऊ लिलावात घेतलेली एक जुनी व्हॅन घेऊन आले. सरकारी खात्याची होती. कंपनीतूनच तिच्या छतावर चार एरियल बसवून आलेली — तीन मागे ओळीत, एक पुढे काचेच्या वर. वायरलेसची म्हणे. वाळूभाऊंना ती गाडी शाळेच्या पोरांसाठी करायची होती. वाड्यावस्त्यांवरची बारा पोरं घोटीच्या शाळेत न्यायची, आणायची. पांढरी होती ती पिवळी करून घ्यायची, आणि आधी ती एरियलं काढायची. म्हणाले, "नाक्यावर लोकं सलाम ठोकतात हो. परवा एक म्हातारी आडवी आली, म्हणे साहेब, माझी बकरी चोरीला गेलीय. आणि वाडीतले म्हणतात, पोरं शाळेत नाय चालली, कोठडीत चालली."

दादा हसले, काका हसले. मी शेडच्या दारात उभी होते, मीपण हसले.

काम सोपं वाटतं. आतून अस्तर उतरवायचं, एरियलच्या बुडाची चाकी, म्हणजे नट, सोडवायची, वायर ओढून घ्यायची, की वरचा दांडा निघून येतो. मागे राहतं भोक. अंगठा जाईल एवढं. ते वेल्डिंगने भरता येत नाही, छताचा पत्रा पातळ, उष्णतेने लाटा येतात. काका आतून टिकली लावायचे. म्हणजे भोकापेक्षा मोठा गोल पत्रा कापायचा, त्याला चिकट सीलंट लावून आतल्या बाजूने भोकावर दाबून बसवायचा. मग वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासायची, रंग. टिकली काका कापायचे, चिकटवायची मी. दादा म्हणायचे, "टिकल्या लावायला बाईमाणूसच पाहिजे." काका म्हणायचे, "तुला लावता येत नाय म्हणून बोलतोस."

टिकली लावायच्या आधी भोकाभोवतीचा पत्रा घासावा लागतो. रबराच्या चकतीखाली गंज साचलेला असतो. "त्यात तोंड दिसलं पायजे," असं काकांचं म्हणणं. गंजावर टिकली चिकटते, पण धरत नाही. चार दिवस धरल्यासारखं करते.

मागची तीन मी नीट घासली. चौथं, पुढचं, छताच्या आडव्या पट्टीला लागून होतं. पट्टीच्या बाजूला हात वळत नव्हता. मनगट सोलून निघालं. तीन बाजू चकचकीत केल्या, एक बाजू — बोटभर जागा — लालसर राहिली. आणि मी टिकली बसवली. काका विचारायला आले, "झालं?" मी मान हलवली.

तुम्ही म्हणाल, एवढंच? नाही. एवढंच असतं तर मी ही वही उघडली नसती. काम चुकतं. त्यासाठीच तर पाणी मारून बघायची पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी सीलंट वाळलं की काका गाडीला अंघोळ घालायचे. एकाने आत बसायचं, काचा बंद. टिकल्यांभोवती खडूची भुकटी चोळून ठेवायची, म्हणजे जरा जरी पाझरलं तरी पांढऱ्यावर काळपट डाग उठतो. काका बाहेरून पाइप धरायचे, चांगली दहा मिनिटं. मग पाइप बंद करायचे, काचेला कान लावायचे आणि विचारायचे, "बोल?" आतल्याने एकच शब्द बोलायचा. कोरडं, नाहीतर ओलं. दुसरं काही बोलायची परवानगी नाही. कारण मागे एकदा आतला माणूस ओरडला होता, "गळत नाही", आणि काकांना नुसतं "गळत" ऐकू आलं, सगळी लांबी खरवडून काढली. तेव्हापासून त्यांनी हे दोन शब्द ठरवले. कोरडं आणि ओलं. एकमेकांसारखे वाजत नाहीत ना? चुकायला जागाच नाही. आपल्या कानांना ओळखून त्यांनी ते ठरवलं होतं.

त्या दिवशी आत मी होते.

बंद गाडी, वरून वैशाखाचं ऊन, खाली सीट काढलेल्या जागेवर पाठ टेकून मी पडलेली, हातात बॅटरी. वर पत्र्यावर पाणी धो धो. पहिली कोरडी. दुसरी, तिसरी कोरडी. चौथीपाशी बघितलं — पट्टीच्या बाजूने नखाएवढा काळा डाग उठला होता.

मी तो अंगठ्याने पुसला. म्हटलं, माझ्या हाताचाच घाम लागला असेल. वर पुन्हा खडू चोळला. बघत राहिले.

पुन्हा उठला.

आता खरं कारण लिहिते, आणि ते लिहायची मला लाज वाटते. कारण मोठं काही नव्हतं. आमच्या कॉलनीत पाच वाजता नळाला पाणी यायचं, पाऊण तास. आदल्या दिवशी आलं नव्हतं. घरातला पिंप रिकामा होता. ओलं म्हटलं असतं तर टिकली काढा, खरवडा, घासा, पुन्हा लावा — माझा नळ गेला असता. जाऊबाईंचं तोंड सुटलं असतं. बस्स. दोन हंडे पाणी. आणखी काही शोधून बघितलं मी, इतकी वर्षं शोधते आहे, पण दुसरं काही सापडत नाही.

पाइप बंद झाला. काकांनी काचेला कान लावला. काचेवर त्यांचा कान चपटा झालेला मला आतून दिसत होता, पांढऱ्या केसांची झुलपं चिकटलेली.

"बोल?"

मी म्हणाले, "कोरडं."

"शाब्बास," ते म्हणाले.

मी अस्तर ताणून बसवलं. चौथ्या टिकलीवर ते झाकताना हात जरा थांबला — थांबला होता, हे मला आठवतं. मग मी बटणं दाबली आणि सव्वापाचला घरी पोचले. नळ आला होता.

आषाढात घोटीकडे कसा पाऊस लागतो ते तुम्हाला ठाऊक असेल. भातखाचरं भरून वाहतात, समोरचा माणूस दिसत नाही. अशा पावसात आठवडाभर ती गाडी पोरं नेत-आणत होती. पाणी टिकलीतून आत यायचं, पट्टीने सरकत काचेच्या कडेला, तिथून काचेलगतच्या खांबातून खाली, आणि खाली वायरींचा सगळा गठ्ठा. बाहेरून काही कळायची सोय नव्हती. मी अस्तर चांगलं ताणलं होतं.

एका सकाळी चढावर डॅशबोर्डखालून धूर निघाला. वाळूभाऊंनी गाडी तिथेच कडेला घातली आणि पोरांना खाली उतरवलं. बाराच्या बारा. एकाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यातली एक पहिलीतली मुलगी धुराला भिऊन अनवाणी रस्त्यावर पळत सुटली आणि समोरून ट्रक आला. तो थांबला. कसा थांबला ते वाळूभाऊंनी माझ्या मशीनच्या टेबलावर वीत ठेवून दाखवलं, एवढं अंतर राहिलं होतं.

गाडी ओढून गॅरेजला आणली होती. दादांनी स्वतः अस्तर उतरवलं. चौथी टिकली एका बाजूने सुटून लोंबत होती, तिच्यामागे गंजाचा तांबडा ओघळ पार खांबापर्यंत गेलेला. सगळे तिथे जमले. दादा, रंगवाले दोघे, वाळूभाऊ, त्यांच्याबरोबर आलेला एक पालक. आणि काका.

दादा म्हणाले, "पाणी मारून बघितलं होतं ना, काका?"

"बघितलं की. पोरगी आत होती. कोरडं म्हणाली."

मग सगळे माझ्याकडे वळले.

मी कधी इतक्या पुरुषांच्या नजरेत उभी राहिले नव्हते. हे कारण म्हणून सांगत नाही. जसं होतं तसं सांगते. पायाखालची फरशी दिसत होती, तिच्यावर सांडलेलं ऑइल. आणि मी म्हणाले, "मी ओलं म्हणाले होते."

इतक्या हळू म्हणाले की दादांना ऐकू गेलं नाही. त्यांनी विचारलं, "काय? काय म्हणालीस?"

इथे मला एक दार उघडून दिलं होतं. पहिल्यांदा तोंडातून निघालं ते भीतीने निघालं, असं एक वेळ म्हणता येईल. पण दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा माणूस निवडून बोलतो. मी मान वर केली, आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून म्हणाले, "मी ओलं म्हणाले होते. काकांना ऐकू नसेल आलं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला, जसा माशीवर जातो तसा. एकदाही म्हणाले नाहीत की पोरी, काहीतरी चुकतंय. म्हणाले नाहीत की पाइप तर बंद होता. मग वाळूभाऊंना म्हणाले, "माझंच चुकलं भाऊ. कान गेलेत माझे. मला कळलं नाय किती गेलेत ते."

त्यांना ते पटलं होतं. समजतंय ना तुम्हाला, मी काय म्हणते ते? त्यांना माझ्या खोटं बोलण्याची शंका घेण्यापेक्षा स्वतःच्या कानांची शंका घेणं सोपं गेलं.

वाळूभाऊ खूप बोलले त्यांना. त्या पालकाने तर वाईटसाईट शब्द काढले. "बहिऱ्या माणसाला कशाला ठेवता कामावर? आमची पोरं मारायला?" काका हात जोडून ऐकत होते. सगळं त्यांना नीट ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी जाऊबाई घरात म्हणाल्या, "मुकी बोलली, पण खरं बोलली बाई. चार माणसांत म्हाताऱ्याला तोंडावर सांगितलं. मला नसतं जमलं." नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसापासून घरात माझी किंमत वाढली. माझं मत विचारायला लागले. अजून विचारतात.

काकांना कोणी काढलं नाही. दादा म्हणाले, थोडे दिवस घरी आराम करा. पण दुसऱ्या दिवशी काका आले ते सामान न्यायला. हातोड्या एका गोणीत भरल्या, आणि लहान हातोडी, जिने ते पत्र्याचा आवाज ऐकायचे, ती माझ्या मशीनवर ठेवली. म्हणाले, "तू वापर. तुझे कान चांगले हायत."

नंतर कळलं की ते एसटीने घोटीला गेले होते. बिस्किटांचे पुडे घेऊन. वस्ती विचारत विचारत त्या पहिलीतल्या मुलीच्या घरी गेले, तिच्या आईबापाच्या पाया पडले. सत्तरीचा माणूस.

मी काय केलं? मी त्यांच्या घरी जायला लागले. पेठ नाक्याच्या मागच्या बाजूला त्यांचं घर, दोन खोल्या. महिन्यातून एखाद्या रविवारी जायचे. माहेरहून नागली आली की भाकरी करून न्यायचे, त्यांना आवडायच्या. वाटेत दर वेळी ठरवायचे, आज सांगू. दारात पोचेपर्यंत शब्द तयार असायचा. मग त्यांची सून, शोभाताई, म्हणायच्या, "या, तुमचीच आठवण काढत होते," आणि झालं.

शोभाताईंकडूनच कळायचं बाकीचं. की आता ते रस्ता एकटे ओलांडत नाहीत, हॉर्न ऐकू आला नाही तर म्हणून. सकाळी गोदाकाठी फिरायला जायचे ते सोडलं. कुकरपाशी बसवलं आणि म्हटलं तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, तर म्हणतात, नको, मला मोजता येणार नाही. "आधी ऐकायचे हो सगळं," शोभाताई म्हणायच्या. "शेजारची भांडणं शब्दन् शब्द सांगायचे. आता ऐकू येतं, पण आलं असं मानत नाहीत. मलाच तीनतीनदा विचारतात, असंच म्हणालीस ना?" मुलाने कानाचं मशीन आणून दिलं. तेही कधी घालायचे, कधी नाही.

आता शेवटचं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून मागे ठेवलं होतं.

गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. शोभाताई आत चहा टाकत होत्या. काका आणि मी दोघंच बाहेरच्या खोलीत. त्यांनी कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, एक काम कर माझं. त्या दिवशी गाडीत म्हणालीस ना, तसंच म्हण बरं. तेवढ्याच आवाजात." आणि माझे ओठ दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सांगायची वेळ कुठली असते, तर ती होती. दुसरी कुठली? त्यांनी स्वतः पाठ फिरवली होती, मला त्यांच्याकडे बघायचंही नव्हतं.

मी म्हणाले, "ओलं."

आणि कसं म्हणाले ते ऐका. नुसता वारा सोडला तोंडातून. त्या दिवशी गाडीत म्हणाले होते त्याच्या निम्म्यानेही नाही. कारण माझ्या मनात आलं — त्यांना ऐकू येऊ नये. ऐकू आलं नाही तर माझं खोटं खरं होईल.

"ओलं," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

मग म्हणाले, "अजून हळू म्हण."

मी अजून हळू म्हणाले. मला स्वतःला आलं नाही ऐकू.

"ओलं," काका म्हणाले.

आतून कपबशांचा आवाज येत होता. काका वळले. माझ्याकडे नाही बघितलं, आपल्या तळहातांकडे बघत होते. मग म्हणाले, "तिथं पाण्याचा आवाज होता. पाइप चालू होता ना गं?"

पाइप बंद केल्याशिवाय त्यांनी कधी काचेला कान लावला नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते विसरले होते का? की त्यांना सगळं कळलं होतं आणि ते मला सुटायला वाट देत होते? की विचारत होते — खरोखर विचारत होते, आणि मी नाही म्हणावं म्हणून वाट बघत होते? मला माहीत नाही. त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं. मी बघितलं नाही.

"हो काका," मी म्हणाले. "पाण्याचा लय आवाज होता."

त्यांनी मान हलवली. डबी उघडली, मशीन पुन्हा कानात घातलं, आणि शोभाताईंना हाक मारून म्हणाले, तिच्या चहात साखर जास्त टाक.

म्हणजे तीनदा झालं. एकदा घाईने, एकदा माणसांना भिऊन. तिसऱ्यांदा कुणी माणसं नव्हती आणि घाईही नव्हती.

काका आहेत अजून. मी परवाच जाऊन आले. भाकरी नेल्या होत्या. उद्या सांगीन, पुढच्या खेपेला सांगीन, असं मी इथे लिहीत नाही; आजवर तेच करत आले. ते दारात खुर्ची टाकून बसतात. रस्त्याने जाणारं कोणी ओळखीचं "काका" म्हणून हाक मारतं. ते लगेच ओ देत नाहीत. आधी शोभाताईंकडे बघतात, खरंच कुणी हाक मारली का म्हणून. तोवर तो माणूस पुढे निघून गेलेला असतो.